प्रस्तावना : पाऊल ठेवणाऱ्यांची श्रद्धा

वसईच्या ख्रिस्ती समाजात संत गोन्सालो गार्सिया हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून त्याचा उल्लेख अभिमानानं होतो. १५९७ साली जपानमध्ये त्याला क्रुसावर मारलं, एवढं शाळकरी पोरही सांगतं. मात्र तो गेल्यावर जपानमध्ये पुढची पावणेतीनशे वर्षं काय घडलं, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. रक्तसाक्षीला संतपद मिळालं की त्याची गोष्ट संपली असं आपण धरून चालतो. हे पुस्तक त्यापुढच्या काळाचं आहे. त्यातली बहुतेक माणसं क्रुसावर गेली नाहीत. त्यांनी येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवला आणि ती घरी गेली.

तरीही सुरुवात गोन्सालोपासूनच करायला हवी. त्याचा जन्म १५५६च्या आसपास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, असं परंपरा सांगते. वसईतल्या येशूसंघीयांकडे तो शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात एका फादरबरोबर जपानला गेला. तिथं काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला, भाषा उत्तम शिकला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग त्यानं व्यापार केला, त्यात जम बसवला, मनिलाला गेला आणि तिथं फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. १५९३ साली पेद्रो बातिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूबरोबर तो जपानला परतला तो दुभाषा म्हणून. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर फिलिपिन्सच्या गव्हर्नरचं म्हणणं मांडायचं काम वसईच्या या माणसाकडे होतं. चित्रांमध्ये तो क्रुसावरच दिसतो. मला तो दरबारात उभा, समोरच्याचा राग जोखत शब्द निवडणारा, असा जास्त खरा वाटतो.

फ्रान्सिस झेवियर १५४९च्या १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरला, तेव्हापासून जपानमध्ये ख्रिस्ती धर्म झपाट्यानं पसरला होता. झेवियरला तिकडे नेणारा अंजिरो हा जपानी माणूस गोव्यात शिकला होता आणि त्याचा स्नानसंस्कारही गोव्यातच झाला होता. क्यूशू बेटावरच्या काही सरदारांनी धर्म स्वीकारला. त्यात श्रद्धा किती आणि पोर्तुगीज जहाजांतून येणाऱ्या मालाची ओढ किती, हे आज वेगळं काढता येणार नाही. ओमुरा सुमितादा या सरदारानं तर १५८० साली नागासाकी बंदर येशूसंघाच्या हवाली करून टाकलं. हिदेयोशीला हे खुपणं स्वाभाविक होतं. १५८७ साली त्यानं धर्मगुरूंना देश सोडायचा हुकूम काढला, पण व्यापार हवा असल्यानं तो फारसा बजावला नाही. मग १५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. त्या वेळी जहाजाच्या सुकाण्यानं नकाशा दाखवून, आधी आमचे पाद्री येतात आणि मग सैन्य येतं, अशी फुशारकी मारल्याचं सांगतात. तो असं खरंच बोलला का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण हिदेयोशीचा संशय पक्का झाला. क्योतो आणि ओसाका इथं चोवीस जणांना धरलं, त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात आले. सव्वीसांपैकी वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपला वसईकर. सर्वांत लहान लुदोविको इबाराकी बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांना कड्या-दोरांनी जखडलं आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून मारलं. पॉल मिकी या जपानी येशूसंघीयानं क्रुसावरूनच जमावाला प्रवचन दिलं आणि मारणाऱ्यांना क्षमा केली.

इथं एक गोष्ट टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या झेवियरनं जपानला ख्रिस्ताचं नाव नेलं, त्यानंच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणायची मागणी केली होती. ते १५६० साली आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२पर्यंत राहिलं. त्याच काळात गोव्यात आणि वसईच्या मुलखात देवळं पाडली गेली. जपानी सरदारांनी युरोपला पाठवलेले चार कुमार १५८३ साली जाताना गोव्यात थांबले. त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केलं होतं, कारण त्यांची देवळं उद्ध्वस्त झाली होती. बदला म्हणून पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलणीसाठी बोलावलं आणि मारून टाकलं. चर्चनं त्या पाच जणांना १८९३ साली धन्य म्हणून गौरवलं. मारलेल्या पुढाऱ्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आहे. वसईचा किंवा गोव्याचा ख्रिस्ती माणूस नागासाकीबद्दल लिहायला बसला तर त्यानं कुंकळ्ळी आधी वाचावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानमधल्या शेतकरी-कोळी ख्रिस्ती माणसांच्या साक्षीचं वजन कळायला त्याचा उपयोगच होतो. त्यांच्या पाठीशी ना राजा होता, ना तोफा, आणि पुढं पुढं तर फादरही नव्हते.

हिदेयोशी १५९८ साली मेला. सत्ता तोकुगावा घराण्याकडे गेली आणि १६१४ साली देशभर धर्मबंदीचा हुकूम निघाला. तेव्हा जपानमध्ये तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती असावेत. १६१९ साली क्योतोत आणि १६२२ साली नागासाकीत एकेका दिवशी पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. उन्झेनच्या उकळत्या झऱ्यांवर माणसांना नेऊन पोळलं. १६३७-३८च्या शिमाबारा उठावात हारा किल्ल्यात अडकलेल्या हजारो शेतकऱ्यांची कत्तल झाली. तो उठाव करांच्या जाचाविरुद्ध होता आणि धर्मासाठीही होता. या कथा त्या त्या प्रकरणात आहेत आणि त्या वाचायला जड जातील. पण एवढी माणसं मारूनही राज्यकर्त्यांचं समाधान झालं नाही, कारण मेलेल्यांच्या कबरींवर नवे ख्रिस्ती उभे राहत होते. म्हणून त्यांनी पद्धत बदलली.

मराठी वाचकाला धर्मांतरानंतरचा छळ ठाऊक आहे तो घरच्यांचा आणि जातीचा. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’मध्ये तो आहे, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. तिथं माणूस वाळीत पडतो, नाती तुटतात, पाणवठ्यावर तोंड फिरवलं जातं. जपानमधला छळ चोपड्यांमधून चालला. प्रत्येक घराचं नाव एखाद्या बौद्ध मंदिरात नोंदवलेलं हवं आणि दरवर्षी मंदिरानं दाखला द्यायचा. पाच-पाच घरांचा गट, एक घर सापडलं की पाचांना जाब. रस्त्याच्या कडेला बक्षिसाच्या पाट्या. १६८२च्या पाटीप्रमाणे धर्मगुरू पकडून देणाऱ्याला चांदीची पाचशे नाणी होती. ज्यानं एकदा धर्म सोडला त्याच्या वंशजांवरही पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवायची आणि कुटुंबातला जन्म, मृत्यू, लग्न, गावबदल वेगळ्या वहीत टिपायचं. इतका चिवट कारभार त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

आणि फुमिए. येशूची किंवा पवित्र मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि एकेकानं तिच्यावरून पाय देऊन जायचं. सुरुवातीला जप्त केलेल्या प्रतिमा वापरत. लोकांच्या पायांनी त्या झिजल्या, तेव्हा १६६९ साली नागासाकीत पितळेच्या वीस प्रतिमा मुद्दाम ओतून घेतल्या. त्यांतल्या बहुतेक आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांच्यावरचे चेहरे गुळगुळीत झाले आहेत. नागासाकीत हा विधी नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरोघरी चालायचा. म्हातारी-कोतारी आली, कडेवरच्या बाळाचाही पाय टेकवला गेला. हे जवळपास सव्वादोनशे वर्षं, दरवर्षी.

ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांची नावं आपल्याला काही प्रमाणात माहीत आहेत. ज्यांनी ठेवला त्यांची नाहीत. पण एक साधा हिशेब कुणी मांडत नाही. १८६५ साली जे ख्रिस्ती पुन्हा उजेडात आले ते सगळे पाय ठेवणाऱ्यांचे वंशज होते. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. निशिझाकाच्या सव्वीसांनी श्रद्धेसाठी मरता येतं हे दाखवलं. ती श्रद्धा नातवंड-पतवंडांच्या ओठांवर पोहोचवायचं काम मात्र, वरवर पाहता, धर्म सोडलेल्या माणसांनी केलं. हे म्हटलं की काही वाचकांना राग येईल. विशेषतः ज्यांच्या मनात रक्तसाक्षी आणि धर्मत्यागी असे दोनच कप्पे आहेत त्यांना. पण नागासाकी परिसरातल्या उराकामी, सोतोमे आणि गोतो बेटांवरच्या लोकांनी तिसरा कप्पा तयार केला होता आणि त्याला धर्मशास्त्राचा आधारही शोधला होता. ‘कोन्चिरिसान’ नावाची पश्चात्तापाची शिकवण १६०३ साली नागासाकीत छापली गेली होती. धर्मगुरू मिळत नसेल तर मनापासून केलेला पश्चात्ताप पापक्षमेला पुरतो, असा तिचा गाभा. बंदीनंतर लोकांनी ती हातानं उतरवून घेतली, पाठ केली. प्रतिमेवर पाय ठेवून घरी यायचं आणि ती प्रार्थना म्हणायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मी तसं म्हणायला तयार नाही. मूल कडेवर असताना, धर्म न सोडल्याची शिक्षा म्हणून खड्ड्यात उलटं टांगून घ्यायला नकार देणाऱ्या बाईला दुटप्पी म्हणायचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्या कुणालाच नाही.

शेवटचा ज्ञात धर्मगुरू, मान्सियो कोनिशी, १६४४ साली मारला गेला. त्यानंतर मिस्सा नाही, कबुली नाही, ख्रिस्तशरीर संस्कार नाही. उरला एक स्नानसंस्कार, कारण अडचणीच्या वेळी तो सामान्य माणसालाही देता येतो. त्याभोवती गावांनी सगळी व्यवस्था उभी केली. उराकामीत एक ‘चोकाता’ असे, तो दिनदर्शिका सांभाळायचा आणि कोणता सण कधी, उपवासकाळ कधी, कोणत्या दिवशी शिवणकाम करायचं नाही हे सांगायचा. एक ‘मिझुकाता’, तो बाळांना स्नानसंस्कार द्यायचा. एक निरोप्या, तो हे सगळं घरोघरी पोहोचवायचा. ही कामं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आणि सगळं तोंडी चाले. दिनदर्शिका बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाची म्हणून ओळखली जाई. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजांतून कबुली ऐकणारे फादर येतील, असं भाकीतही त्याच्याच नावावर होतं. घरात चिनी मातीची शुभ्र कॅनन असायची, करुणेची बौद्ध देवता, मांडीवर मूल घेतलेली. शिपायाला ती कॅनन, घरच्यांना मारिया. मयत झाली की बौद्ध भिक्षूला बोलवावंच लागे. सोतोमेकडे तो सूत्रं म्हणत असताना पलीकडच्या खोलीत त्या सूत्रांचा परिणाम पुसून टाकणारी प्रार्थना हळू आवाजात चाललेली असे. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून असे काही बदलले की कुठल्याही युरोपियनाला ते ओळखू आले नसते.

सरकारला काहीच कळत नव्हतं का? हा या पुस्तकातला मला सर्वांत रस असलेला प्रश्न. १८०५ साली अमाकुसा बेटांवर पाच हजारांहून अधिक माणसं संशयास्पद काहीतरी करताना सापडली. कायद्याप्रमाणे त्या सगळ्यांना मारायला हवं होतं. पण पाच हजार शेतकरी मारले तर शेतं कोण कसणार, आणि इतकी वर्षं तुमच्या हद्दीत हे चाललं कसं, याचं उत्तर वरिष्ठांना कोण देणार? अधिकाऱ्यांनी मधली वाट काढली. हे लोक ख्रिस्ती नाहीत, वाडवडिलांपासून चालत आलेला काही तरी आडवळणाचा रिवाज पाळणारे अडाणी लोक आहेत, असं ठरवलं. प्रतिमेवर पाय ठेवून घेतला आणि सोडून दिलं. छळाच्या कथांमध्ये आपण नेहमी क्रूर अधिकारी शोधतो. इथं कंटाळलेले आणि स्वतःची चामडी वाचवणारे अधिकारीही तितकेच महत्त्वाचे ठरले.

युरोपियन वाचकांना या इतिहासातलं सर्वांत परिचित नाव क्रिस्तोवाओ फेरेइरा याचं. हा पोर्तुगीज येशूसंघीय, जपानमधल्या त्याच्या संघाचा वरिष्ठ, १६३३च्या ऑक्टोबरात खड्ड्यावर उलटा टांगला गेला आणि काही तासांतच त्यानं धर्म सोडला. शुसाकू एन्दो यांनी १९६६ साली त्यावर ‘चिन्मोकू’ ही कादंबरी लिहिली. मार्टिन स्कोर्सेसी यांचा २०१६चा ‘सायलेन्स’ हा चित्रपट तिच्यावरचा. कादंबरी थोर आहे यात शंका नाही. तरी तिच्या मध्यभागी परदेशी धर्मगुरूची घालमेल आहे आणि गावकरी कडेला आहेत. फेरेइराच्या शेजारीच त्या दिवसांत आणखी एक माणूस टांगलेला होता, ज्युलियन नाकाउरा. युरोपला गेलेल्या त्या चार कुमारांपैकी एक. त्यानं रोम पाहिलं होतं, जाता-येता तो गोव्यात राहिला होता, पुढं धर्मगुरू झाला आणि वीस वर्षं वेषांतर करून क्यूशूत लपतछपत संस्कार देत हिंडला. तो तीन दिवस टिकला आणि तसाच मेला. २००८ साली चर्चनं त्याला धन्य घोषित केलं. फेरेइरावर कादंबरी निघाली, नाकाउरा अजून त्याच्या कादंबरीकाराची वाट बघतो आहे. मराठीत कुणी ती लिहिली तर गोव्याचं प्रकरण तरी आयतं मिळेल.

१८५८च्या करारांनंतर परदेशी लोकांना नागासाकीत राहायची आणि आपल्यापुरती उपासना करायची मुभा मिळाली. त्यांच्यासाठी ओउरा इथं बांधलेलं चर्च १८६५च्या फेब्रुवारीत निशिझाकाच्या सव्वीस रक्तसाक्षींना अर्पण करण्यात आलं. जपानी माणसाला बंदी होतीच. १७ मार्चच्या दुपारी उराकामीहून पंधराएक माणसं दारापाशी आली. बर्नार पेतिजाँ हे फ्रेंच फादर आत गेले तशी ती मागोमाग आली आणि एका बाईनं हळूच सांगितलं की आमची मनंही तुमच्यासारखीच आहेत. मग तिनं विचारलं, सांता मारिया कुठं आहे? हा प्रसंग जपानच्या चर्चमध्ये हजारदा सांगितला जातो आणि आता थोडा गुळगुळीत झाला आहे. मला त्यातला दुसराच तपशील थक्क करतो. बोलता बोलता ते लोक म्हणाले की सध्या आमच्याकडे दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. १८६५ साली राखेचा बुधवार १ मार्चला होता. फादर नाही, पंचांग छापलेलं नाही, पकडले गेलो तर जीव जाईल, आणि तरीही दोनशेहून अधिक वर्षांनी उराकामीचे शेतकरी आणि रोमचे पोप एकाच दिवशी उपवासकाळाचा सतरावा दिवस मोजत होते.

यानंतर आनंदीआनंद झाला नाही. धीर आलेल्या उराकामीकरांनी १८६७ साली मयतासाठी भिक्षूला बोलवायचं नाकारलं आणि धरपकड सुरू झाली. त्याच सुमारास तोकुगावांची सत्ता कोसळली आणि मेइजी सरकार आलं, पण आधुनिक म्हणवणाऱ्या या सरकारनं धरपकड थांबवली नाही, वाढवली. उराकामीचे सुमारे ३,४०० लोक गावासकट उचलून पश्चिम जपानभर वीसेक ठिकाणी वाटून टाकले. त्सुवानोला त्यांना बर्फाळ तळ्यात बुडवलं, तीन फुटी पिंजऱ्यात कोंडलं. सहाशेहून अधिक मेले. उरलेले लोक या हद्दपारीला ‘प्रवास’ म्हणायचे. परदेशी दरबारांतून होणारा निषेध व्यापारी करारांच्या आड येऊ लागला, तेव्हा १८७३ साली धर्मबंदीच्या पाट्या उतरल्या. परतलेल्यांनी गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला आणि त्या जागी कॅथेड्रल बांधायला घेतलं. याच वाड्यात दरवर्षी त्यांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब फुटला तो या कॅथेड्रलपासून काही शे मीटरवर. उराकामीच्या बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मेले. त्यावर मी या पुस्तकात लिहिलेलं नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात दैवी अर्थ शोधायची घाई मला पटत नाही.

आणखी एक गट आहे. फादर परत आले तेव्हा सगळे छुपे ख्रिस्ती चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या आणि इतर काही गावांतल्या लोकांनी आपल्या कपाटातल्या देवाला, किमोनो घातलेल्या मारियेच्या चित्राला आणि आजोबांनी शिकवलेल्या प्रार्थनांना सोडायला नकार दिला. नवे फादर म्हणत होते की तुमच्या प्रार्थना चुकल्या आहेत आणि तुमचा स्नानसंस्कार पुन्हा व्हायला हवा. ज्या शब्दांसाठी पणज्यानं जीव धोक्यात घातला ते शब्द चुकीचे कसे, हा त्यांचा सवाल होता. चर्चच्या दृष्टीनं ते दुरावले. मला त्यांची बाजू बरीचशी समजते. वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली तेव्हा इथल्या ख्रिस्ती समाजाच्या डोक्यावरचं पोर्तुगीज छत्र गेलं, तरी चर्च आणि धर्मगुरू पूर्णपणे गेले नव्हते. समजा गेले असते, आणि दोनशे वर्षांनी कुणी युरोपियन फादर येऊन आमच्या बोलीतल्या प्रार्थना चुकीच्या ठरवायला लागला असता, तर गासच्या म्हाताऱ्यांनी काय केलं असतं?

या विषयाची साधनं एकतर्फी आहेत. एक तर मिशनऱ्यांची पत्रं, ज्यांत प्रत्येक मरण उजळलेलं असतं. दुसरी सरकारी दफ्तरं, ज्यांत माणूस म्हणजे एक आकडा. छुप्या ख्रिस्ती लोकांचं स्वतःचं लिखाण फार थोडं, आणि त्यातला सर्वांत मोठा ऐवज म्हणजे ‘तेन्चि हाजिमारि नो कोतो’, विश्वाच्या आरंभाची कथा. सोतोमे-गोतोकडच्या लोकांनी ती तोंडातोंडी जपली आणि पुढं लिहून काढली. जपानमध्ये देशव्यापी बंदी आल्यावर दोनच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. एका पंडितानं, छापखाना हाताशी असताना, मराठी ओव्यांमध्ये रचलेलं ते पुराण आपण अभिमानानं मिरवतो आणि ते योग्यच आहे. जपानी शेतकऱ्यांकडे ना पंडित होता ना छापखाना, त्यामुळे त्यांच्या पुराणाला पाठभेद फार आणि व्याकरण कमी. त्यात मारिया लुझोन बेटावरची मुलगी आहे आणि तिथल्या राजाची मागणी ती धुडकावते. पोन्तियस पिलात या एका माणसाचे पोन्शा आणि पिरोतो असे दोन दुष्ट अंमलदार झाले आहेत. पेतिजाँ यांच्या हाती त्याची प्रत आली होती, पण त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. परिशिष्टात मी तिचा सविस्तर सारांश दिला आहे. पुस्तकाची प्रकरणं वाचायच्या आधी तो वाचला तरी चालेल, किंबहुना मी तसंच सुचवेन.